गटारीनंतरचा तिसरा दिवस

आषाढ अमावस्येला, म्हणजे गटारीला, नाशिकमध्ये मटणाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे सारखीच गर्दी असते. सिडको काय नि पंचवटी काय, चित्र तेच. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि ‘आता महिनाभर बंद’ असं घरोघरी जाहीर होतं. कुणी सप्तशृंगीच्या गडावर जाऊन शपथ घेतो, कुणाला तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची असते म्हणून तो बाटलीला शिवत नाही. महिन्यातून दोनदा घेणाऱ्याला याचा काही त्रास होत नाही, झाला तर फायदाच. पण जो माणूस पाच-दहा वर्षं रोज, न चुकता, क्वार्टर-दोन क्वार्टर रिचवत आलाय, त्याने एका रात्रीत हात आखडला तर श्रावणाचे पहिले चार दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतात. दारूने माणूस जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. अचानक सोडल्यानेही जाऊ शकतो, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं आणि बहुधा उशिराच कळतं.

व्यसनाचा विषय निघाला की नाशिकमध्ये हल्ली गाडी थेट एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीवर, जाते. त्याला कारणही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला, सुमारे ३०० कोटींचा माल हाती लागल्याच्या बातम्या आल्या आणि द्राक्षं-कांद्याचं नाशिक भलत्याच कारणाने देशभर झळकलं. एमडीकडे येऊच. आधी कशाची भीती किती धरायची याचा हिशेब मांडू, कारण तो नुसत्या मथळ्यांवरून मांडला की हमखास चुकतो.

दिल्लीच्या एम्सने केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू घेतात, असं त्यात दिसलं. पुरुषांत २७ टक्के, बायकांत १.६ टक्के. यातल्या ५.७ कोटी लोकांचं पिणं उपचार लागावेत इतकं हाताबाहेर गेलेलं. गांजा-भांगवाले ३.१ कोटी. अफू, हेरॉइन आणि त्याच कुळातली औषधं घेणारे सव्वादोन कोटी. झोपेच्या नि मन शांत करणाऱ्या गोळ्या नशेसाठी घेणारे १.१८ कोटी. आणि एमडी ज्या उत्तेजकांच्या जातकुळीतली, त्यांचं प्रमाण ०.१८ टक्के. आकडे जुने आहेत, पण दारू आणि बाकीच्यांमधलं अंतर एवढं मोठं आहे की क्रम बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाजही तेच सांगतो: २०१९ या एका वर्षात जगभरात दारूमुळे २६ लाख माणसं दगावली, बाकीच्या सगळ्या अमली पदार्थांमुळे मिळून सहा लाख.

एम्सच्या अहवालातला मला सगळ्यात बोचणारा आकडा मात्र वेगळाच आहे. ज्यांना दारूशिवाय राहताच येत नाही अशा दर ३८ जणांमागे फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. उरलेले ३७ जण शपथा घेत असतात, मोडत असतात किंवा घरचे त्यांना कोंडून ठेवत असतात.

‘वाइन म्हणजे काय दारू आहे का?’

हा प्रश्न नाशिककरांनीच विचारावा. दिंडोरी, निफाड, गंगापूर धरणाच्या काठची द्राक्षं, तिथल्या वायनरी, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या गाड्या, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलंय. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मुभा द्यायचं ठरवलं तेव्हा ‘हे तर शेतकऱ्याचं फळ’ असा युक्तिवाद जोरात झाला होता. शेतकऱ्याच्या भावाबद्दल त्यात तथ्य असेल. शरीराला मात्र द्राक्ष, धान्य, मोहाची फुलं, मळी यातलं काही कळत नाही. त्याला कळतं ते इथेनॉल, आणि ते सगळ्यांत एकच असतं.

गणित सोपं आहे. बाटलीवर टक्के छापलेले असतात. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली, वजनात साधारण ६१ ग्रॅम इथेनॉल. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली आठ टक्क्यांची धरली तर ४१ ग्रॅम. १३ टक्के वाइनची अख्खी बाटली ७७ ग्रॅम. म्हणजे दोघांनी गप्पा मारत वाइनची एक बाटली संपवली, तर प्रत्येकाच्या पोटात एका बिअरच्या बाटलीइतकी दारू गेली. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा रोज दोन बाटल्या संपवत असेल, तर तो क्वार्टरवाल्याच्या पुढे आहे.

आता लिव्हरची बाजू. साधारण ७० किलोच्या माणसाचं लिव्हर तासाला सात-आठ ग्रॅम इथेनॉल निकालात काढतं. त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, ताक, कशाने म्हणून वेग वाढत नाही. माणूस ओला होतो किंवा जागा होतो, एवढंच. एका क्वार्टरला आठ तास लागतात. रात्री अकराला हाफ संपवून झोपलेला अंबडचा कामगार सकाळी सहाला बाइकवर बसतो तेव्हा त्याच्या रक्तात अजून बरीच शिल्लक असते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. तो झोपून उठला म्हणून ‘उतरली’ असं त्याला वाटतं, आणि तसाच तो प्रेस मशीनवर हात घालायला जातो.

थोडी घेतली तर हृदयाला चांगली, हेही एव्हाना मागे पडलंय. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अमुक इतकी दारू निर्धोक, अशी कुठलीही पातळी दाखवता येत नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच दारूला तंबाखूच्या पंक्तीला बसवलंय. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, बायकांत स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगांशी तिचा संबंध सिद्ध झालाय. तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो, वाइनच्या बाटलीवर द्राक्षाचा घोस.

डोक्यात काय होतं

व्यसनी माणसाला ‘मनाचा कच्चा’ म्हणणं सोपं असतं, पण त्याच्या मेंदूत जे घडतं ते मनाच्या आधी घडतं.

मेंदूत दोन रसायनांचं सारखं चाललेलं असतं. एक काम मंदावतं, त्याचं नाव गाबा. दुसरं काम वाढवतं, ते ग्लुटामेट. दारू गाबाच्या बाजूने जोर लावते, म्हणून दोन पेगनंतर काळजी कमी होते, जीभ सैल सुटते, मग झोप येते. रोज असं व्हायला लागलं की मेंदू आपल्या परीने तोल सावरतो: स्वतःचा गाबाचा परिणाम कमी करतो आणि ग्लुटामेटचा वाढवून ठेवतो. म्हणूनच पूर्वी दोन पेगात जे व्हायचं त्याला चार लागतात. ‘याला चढतच नाही’ हे मित्रमंडळींत कौतुकाने सांगतात. ऐकणाऱ्या डॉक्टरला मात्र ते धोक्याचं लक्षण वाटतं.

कसारा घाट उतरणारा भरलेला ट्रक डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हरचा एक पाय ब्रेकवर दाबलेला आणि दुसरा त्याच वेळी अॅक्सिलरेटरवर. ट्रक जेमतेम ताब्यात आहे. आता ब्रेकवरचा पाय एकदम काढला तर? दारू हा तो पाय. ती काढली की मेंदूने इतकी वर्षं वाढवून ठेवलेला वेग एकदम मोकळा सुटतो.

त्याची पहिली खूण सहा-आठ तासांत दिसते. सकाळी सातपूरच्या कुठल्याही टपरीवर उभं राहून बघा. एखादा माणूस कटिंग मागतो आणि ‘अर्धाच भर’ म्हणतो. ग्लास दोन्ही हातांत धरतो. ग्लास ओठांपाशी नेण्याऐवजी ओठ ग्लासपाशी आणतो, मान खाली घालून, पहिला घोट टेबलावरूनच. हाताला कंप असतो, कपाळावर घाम असतो, छातीत धडधडत असतं. कडेच्या देशी दुकानातून थोडी पोटात गेली की अर्ध्या तासात तोच हात स्थिर. त्याला वाटतं, दारू हे आपलं औषध आहे. त्या घटकेपुरतं ते खरंही असतं, आणि त्यामुळेच त्याला सोडता येत नाही. मजेसाठी पिण्याचे दिवस केव्हाच मागे पडलेले असतात. आता तो कंप थांबवायला पितो.

यातच मेंदूतल्या सुखाच्या वाटेचा, डोपामिनचा, दुसरा घोळ असतो. मुलीचा दहावीचा निकाल, पगार, भेळभत्ता, क्रिकेटची मॅच, या सगळ्यातून मिळणारं सुख फिकं पडत जातं आणि बाटलीची नुसती चाहूल, दुकानाची पाटी, मित्राची हाक यांनी मन उसळतं. विशी-पंचविशीपर्यंत मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पक्का झालेला नसतो, म्हणून सोळाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला जडण्याची शक्यता तिशीत सुरू करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय घराणं असतंच. कुणाला जडेल आणि कुणाला नाही, यातला जवळपास निम्मा वाटा अनुवंशिकतेचा. ज्याचे वडील, चुलते यात गेले, त्याने ‘मी कंट्रोल करतो’ या भरवशावर न राहिलेलं बरं.

तिसरा दिवस

परत श्रावणाकडे येऊ. रोजचं भरपूर पिणं एकदम थांबलं की पहिल्या दिवशी कंप, घाम, उलट्या, झोप नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत झटका येऊ शकतो, फिट येते तसा. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डेलिरियम ट्रेमेन्स नावाची अवस्था: ताप, नाडी वेगात, माणूस भ्रमात. भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, अंथरुणात साप दिसतो, कामावर नसताना हात मशीन चालवल्यासारखे हवेत फिरत राहतात. घरची बाई घाबरून शेजारणीला बोलावते. शेजारीण म्हणते, “ताई, हे बाहेरचं आहे. आधी भगताकडे न्या.” आणि जे दोन-तीन तास मोलाचे असतात ते लिंबू-मिरचीत जातात.

सगळ्यांचं असं होत नाही. दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी निम्म्यांना सोडताना काही ना काही त्रास होतो, आणि त्या त्रास होणाऱ्यांतही ही टोकाची अवस्था शंभरात तीन ते पाच जणांना गाठते. पण ज्याला पूर्वी कधी असा झटका आलाय, ज्याचं लिव्हर आधीच बिघडलंय, जो सकाळी उठल्यावर घेतो, त्याने हा जुगार खेळू नये. जुन्या नोंदींत उपचारांविना या अवस्थेतले तिघांत एक जण दगावल्याचं दिसतं. आज वेळेवर इस्पितळात पोचलेल्यांत हे प्रमाण शंभरात पाचच्याही खाली आहे. गुण आहे तो उपचारांचा: डॉक्टर गाबाच्या बाजूने काम करणारी औषधं देतात आणि आठवडा-दहा दिवसांत ती पायरीपायरीने उतरवतात. म्हणजे ब्रेकवरचा पाय हळूहळू काढतात. झटका आला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर १०८ ला फोन करा. देवळाचं नंतर बघता येतं.

इथे दोन गोष्टींवर जरा थांबतो, कारण त्या आपल्याकडे सर्रास होतात.

पहिली सलाईनची. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या,’ असं म्हणत पेशंटला गल्लीतल्या दवाखान्यात नेतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन, म्हणजे थायमिन, जवळजवळ संपलेलं असतं, कारण तो जेवत नाही आणि जेवला तरी आतडं ते नीट शोषत नाही. ग्लुकोज जाळायला मेंदूला थायमिन लागतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग डोळे तिरळे होणं, चालताना तोल जाणं, गोंधळ उडणं आणि पुढे कायमचा विसराळूपणा, इथवर मजल जाऊ शकते. म्हणून आधी किंवा सोबत थायमिनचं इंजेक्शन, असा नियम आहे. हे विचारायला लाजू नका. ‘डॉक्टर, थायमिन दिलंय ना?’ एवढंच.

दुसरी गोष्ट त्या भिंतीवरच्या जाहिरातींची. एसटी स्टँडची मुतारी, रेल्वेचा पूल, विजेचा खांब, कुठेही पाहा: ‘न सांगता दारू सोडवा.’ चहात, भाजीत मिसळायची पुडी. अशा पुड्यांत काय असतं हे पुडी विकणाराच जाणे. पण दारू सोडवायच्या खऱ्या औषधांत डायसल्फिराम नावाची गोळी आहे आणि कित्येक घरांत ती गुपचूप आमटीत कालवली जाते, म्हणून तिच्याबद्दल सांगतो. दारू पचताना मध्ये अॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, लिव्हर तो लगेच मोडून टाकतं. ही गोळी ते मोडणं अडवते. वर दारू घेतली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. ज्याला माहीत आहे तो भीतीने लांब राहतो, आणि गोळीचा उपयोग तेवढाच आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो, आणि हृदय दुबळं असेल तर जीवही जातो. चोरून औषध घालणाऱ्या माउलीचा हेतू वाईट नसतो. तिला कुणी हे समजावून सांगितलेलं नसतं, इतकंच.

हातभट्टीचं थोडक्यात. तिच्यात मिथेनॉल मिसळलं असेल तर लिव्हर त्याचं फॉर्मिक अॅसिड करतं, ते डोळ्यांची नस जाळतं आणि मग श्वास बंद पाडतं. मुंबईत २००४ मध्ये विक्रोळीला आणि २०१५ मध्ये मालवणीला शंभराच्या आसपास माणसं अशीच गेली. पिणाऱ्याला चवीवरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी धुकं दिसायला लागलं की एकेक तास महत्त्वाचा.

गोळी

नाशिक जिल्ह्यात गोळीची चर्चा मालेगावात जास्त होते. तिथे ‘कुत्ता गोळी’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेकदा अल्प्राझोलम असतं, डॉक्टर घबराटीवर, झोपेवर देतात तेच. औषध म्हणून ते चांगलं आहे आणि स्वस्त आहे. गैरवापराचं मूळ त्या स्वस्ताईतच. कायद्याने ते एच-वन यादीत आहे: चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, देताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. कुठल्या दुकानात ही वही असते नि कुठल्या नसते, हे त्या गल्लीतल्या पोरांना अन्न व औषध प्रशासनाच्या आधी कळतं.

ही गोळी दारूसारखीच गाबाच्या बाजूने काम करते. म्हणून ती एकदम तोडली तर तसाच झटका येतो. आणि दोन्ही एकत्र घेतल्या तर दोन ब्रेक एकदम लागतात: माणूस झोपतो, घोरतो, मग घोरणं थांबतं. ‘शांत झोपला’ म्हणून कुणी उठवत नाही. असा माणूस हलवून जागा होत नसेल, ओठ निळसर असतील, तर कुशीवर वळवा आणि अॅम्ब्युलन्स बोलवा. वाट बघू नका.

घरातल्या आजीलाही हीच गोळी कुणीतरी सहा वर्षांपूर्वी झोपेसाठी लिहून दिलेली असते आणि ती अजून चालू असते. तिला कुणी व्यसनी म्हणत नाही. म्हणूही नये. पण तीही अचानक बंद करायची नाही.

एमडी

अफूला शेत लागतं, गांजाला रान लागतं. एमडीला एक शेड, काही पिंपं आणि थोडंफार रसायनशास्त्र येणारा माणूस पुरतो. औद्योगिक वसाहतींच्या कडेकडेने तिचे कारखाने का सापडतात, ते यावरून कळावं. फेब्रुवारी २०१५ पर्यंत मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतच नव्हतं, त्यामुळे आधीची काही वर्षं पोलिसांचे हात बांधलेले होते आणि तेवढ्यात बाजार उभा राहिला.

ही पावडर डोपामिन आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनांचा साठा एकदम बाहेर ओतायला लावते. झोप पळते, भूक मरते, माणूस बडबडतो, आपल्याला काहीही जमेल असं त्याला वाटतं. ‘हिने वजन उतरतं, रात्रभर अभ्यास होतो,’ असं सांगूनच ती कॉलेजच्या पोरापोरींच्या हातात जाते. पण दोन-तीन तासांत सगळं ओसरतं. साठा रिकामा, मन खड्ड्यात. मग पुन्हा पावडरीची एक ओळ. एका रात्रीत असं चार-पाचदा होतं आणि हृदय, रक्तदाब, अंगाचा ताप यांची सगळी यंत्रं लाल काट्यावर जातात. काही महिन्यांनी संशय सुरू होतो: कुणीतरी मागावर आहे, मोबाइलमधून कुणी ऐकतंय, आई जेवणात काही घालते. हे दिसायला स्किझोफ्रेनियासारखं असतं. सोडल्यावर दारूसारखा झटका सहसा येत नाही, पण खोल उदासी येते आणि आत्महत्येचे विचार येतात. पहिल्या काही आठवड्यांत त्या मुलाला एकटं सोडू नये, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. एमडीची तलफ मारणारं खास औषध आजतरी नाही. झोप, खाणं, उदासीवरचे उपचार आणि समुपदेशन, एवढीच वाट.

कायद्याचा भाग पालकांनी नीट वाचावा. मेफेड्रोन दोन ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ धरतात, शिक्षा एक वर्षापर्यंत. दोनच्या वर गेलं की दहा वर्षांपर्यंत. ५० ग्रॅमच्या वर दहा ते वीस वर्षं. ‘मित्राची पुडी होती, मी फक्त नेऊन देत होतो,’ या वाक्याला कोर्टात किंमत नाही. तलफ भागवायला पैसे लागतात, म्हणून घेणारा पोरगाच काही दिवसांत पोचवणारा होतो. हा व्यवहार चालतोच असा.

त्याच कायद्यात एक दार उघडं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कलम ६४-अ सांगतं की फक्त सेवन केल्याचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्ध्यावर टाकले तर सूट जाते. म्हणून मुलाच्या दप्तरात पुडी सापडली की ‘पोलिसांत कळेल’ या धाकाने घरातच दाबून ठेवणं, यासारखं नुकसान नाही.

गांजाबद्दल सिंहस्थातल्या साधूंच्या चिलमीचा दाखला नाशिकमध्ये कुणी ना कुणी देतोच. साधूचं साधूपाशी. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने रोज ओढला तर मनाचे गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो, एवढं पक्कं आहे. आणि स्टेशनवरच्या लहान मुलांच्या हातातलं फडकं, पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, यांनी पहिल्याच वेळी हृदय थांबू शकतं. एम्सच्या पाहणीत हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त आहे.

कुठे जायचं

सरकारकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, असं माझं मत. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो, बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, हे किती जणांनी ऐकलंय? जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचा कर वाढवला तेव्हा चर्चा झाली ती तिजोरीत १४,००० कोटी जादा येतील याची. दारू महाग झाली की पिणं काहीसं घटतं, हा त्यातला फायदा कुणी फारसा बोलून दाखवला नाही. गावातल्या बायकांच्या हातात मात्र ‘आडवी बाटली’चं मतदान आहे, आणि ते जिथे नेटाने झालं तिथे दुकानं बंद पडली आहेत.

उपचारांची सोय आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळ असते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी देशभराचा मोफत क्रमांक १४४४६, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सगळ्यांना ऐकून माहीत असतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकींना फी नसते, नावही सांगावं लागत नाही, आणि घरच्यांसाठी अॅल-अॅनॉन हा वेगळा गट असतो. बायकोने स्वतः तिथे जाण्यासाठी नवऱ्याने पिणं सोडलेलं असायची अट नाही.

खासगी केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा केंद्राला राज्य प्राधिकरणाची नोंदणी सक्तीची केली आहे, आणि पेशंटला साखळीने बांधायला मनाई आहे. मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात का, पहिल्या दहा दिवसांत झटका आला तर कुठल्या इस्पितळात नेता, नातेवाइकांना किती दिवसांनी भेटू देता, हे तीन प्रश्न विचारा. ‘आमच्याकडे गोळ्याबिळ्या नाहीत, फटक्यांनीच सरळ करतो,’ असं कुणी छाती ठोकून सांगितलं तर तिथून निघा. याच कायद्यामुळे विमा कंपन्यांनाही मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं, तेव्हा घरातल्या पॉलिसीचे कागद काढून बघा.

शरीराला दारूवाचून सावरायला दहा दिवस पुरतात. मेंदूची घडी बसायला महिने लागतात, आणि त्या काळात तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेटसारखी औषधं मिळतात. ती व्यसन लावणारी नसतात. तरीही शंभरातले चाळीस ते साठ जण पुन्हा एकदा तरी घसरतात. रक्तदाब, दमा यांच्या पेशंटचं गोळ्या चुकवून आजार उलटण्याचं प्रमाणही जवळपास एवढंच. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून बापाला कुणी ‘तू सुधारणारच नाहीस’ म्हणत नाही. फेरी करून आलेला नवरा दहीहंडीला घेऊन आला, तर त्या रात्री भांडून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन.

ओपीडीत जाताना घरातली सगळी गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामीसुद्धा. शेवटचा पेग किती वाजता घेतला ते कागदावर लिहून न्या. आणि डॉक्टरांसमोर माणूस ‘रोज दोनच घेतो’ म्हणाला की शेजारी बसलेल्या बायकोने खरा आकडा सांगावा, त्याला कितीही राग आला तरी. औषधाचा डोस त्या आकड्यावरून ठरतो.